कोरड्या टाकीचा मेस्त्री

परवा सकाळी आमच्या समोरच्या रिकाम्या प्लॉटवर एका शहाण्याने पॉवर टिलर आणला. जुळे सोलापुरात हल्ली ही हौस आली आहे. दोन गुंठे मोकळी जागा दिसली की लोक मेथी-पालक लावायला निघतात. लावा की, कोण नको म्हणतंय! पण या गृहस्थाने अर्धा तास यंत्र चालवलं, पेट्रोल संपलं, तसा तिथल्या तिथं तापल्या इंजिनावर वाकून पाण्याच्या बाटलीने पेट्रोल ओतायला लागला. तोंडात सिगारेट. मी गॅलरीतून ओरडलो, "अहो, मरायचंय का?" त्याने वर बघितलं, हसला आणि म्हणाला, "काही होत नाही काका."

काही होत नाही! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणाली, रक्तदाब वाढवून घेऊ नका. पण मला त्या माणसाचा राग आलाच नव्हता. मला इरण्णा मेस्त्री आठवले, आणि ते आठवले की मला माझाच राग येतो. तो कुणावर काढायचा?

बावीस वर्षं मी शहरातल्या एका शेतीअवजारांच्या दुकानात काउंटरला होतो. बिलं, वॉरंटीची कार्डं, डिलिव्हरीचे फॉर्म, सगळे कागद माझ्याकडे. यंत्रं मेस्त्रींकडे. पेट्रोलवर चालणारे छोटे टिलर, ज्यांचं हँडल धरून मागून चालायचं आणि पुढे पाती माती भुसभुशीत करत जातात, ते दुकानात यायला लागले तेव्हापासून एकही यंत्र मेस्त्रींच्या हाताखालून गेल्याशिवाय दारातून बाहेर पडलं नाही. एक दिवस सोडून. त्या एका दिवसापायी हे लिहायला बसलोय.

मेस्त्री अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि चिडले की पुन्हा कानडी. बुटके, रुंद खांद्यांचे, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. बारा महिने सुती खाकी शर्ट. टेरिलीन अंगाला लावायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, "सूत जळतंय. ह्ये तुमचं नायलान वितळून कातड्याला चिकटतंय. तुमीच ठरवा की." लोकांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. टेम्पो चालवणारा तो चाकसाहेब, मी कागदसाहेब. मालकांना मात्र मालकच म्हणत, आणि ते म्हणताना किंचित थांबत.

दुकानामागच्या पटांगणात त्यांनी एक जुनं यंत्र शिकवायला ठेवलं होतं. नवं यंत्र घेणाऱ्याला आधी तिथं न्यायचे. गिऱ्हाइक बिचारं घाईत असायचं, दारात टेम्पो उभा असायचा. मेस्त्रींना त्याचं काही नाही. "कॅन खाली जमिनीवर ठेवा. टेम्पोच्या पत्र्यावर ठेवून भरायचं न्हाय, पंपावर बी न्हाय. वर दोन बोटं जागा सोडा, पेट्रोल उन्हात फुगतंय. सांडलं का? पुसा. आता यंत्र दहा पावलं लांब न्या. सांडलं तितंच चालू करनार व्हय?" मग पेट्रोलचा कॉक उघडायला लावायचे, चोक ओढायला लावायचे. दोरी आधी हळूच ओढून बघायची, अडल्यासारखी लागली की मग एका दमात. ती बोटाला गुंडाळून ओढणाऱ्याच्या हातावर फाडकन चापट बसायची, मग तो सरपंच असो की मास्तर. "उलटा झटका बसला तर बोट घेऊन जातंय ते. चापट बरी."

हे सगळं झाल्यावर नवं यंत्र मिळायचं, आणि तेही कोरडं. टाकीत थेंब नाही. मेस्त्रींच्या हातून गेलेलं यंत्र टेम्पोत उभं जायचं, दोन्ही अंगांनी दोराने बांधलेलं, चाकांना लाकडी ठोकळे, कॉक बंद. पेट्रोल रानात पोचल्यावर भरायचं. यात तडजोड नाही.

एकदा श्रीपूरचा एक ऊसवाला यंत्र दुरुस्तीला घेऊन आला. मोठी असामी, आवाजही मोठा. दुरुस्ती झाली, चालवून बघितलं, आणि तो म्हणाला, आता टाकी भरा, मला रानावर उतरलो की लगेच चालू करायचंय. मेस्त्री म्हणाले, इंजिन तापलंय. तो म्हणाला, टाइम न्हाय. आणि त्याने स्वतःच कॅनला हात घातला. मेस्त्रींनी काय करावं? कॅन ओढून घेतला, दहा-बारा पावलं लांब लिंबाखाली नेऊन ठेवला आणि झाकण घट्ट लावून त्यावर चक्क बसले! तो माणूस पेटलाच. आईबहिणीवरून सुरू झाला. मेस्त्री मांडीवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "द्या शिव्या. तवर इंजिन गार हुतंय." पंधरा मिनिटं शिव्या चालल्या. संपल्यावर मेस्त्री उठले, उलटा हात इंजिनाला लावून बघितला आणि म्हणाले, "झालं बगा गार. चढवा टेम्पोत. पेट्रोल घरी." तो ऊसवाला पुढे कुठल्याही कामाला इरण्णाशिवाय दुसऱ्या कुणाला यंत्राला हात लावू द्यायचा नाही. भागात त्यांचं नाव असं झालं होतं. मंद्रूपच्या बाजारात माणसं विचारायची, यंत्र इरण्णानं बघितलंय का? बघितलं असलं की विषय संपला.

त्या नावाला मेस्त्री जपत. पैसा-अडका, बढती यांचं त्यांना काही नव्हतं. पण "इरण्णाच्या हातचं" या दोन शब्दांवर कुणी धूळ उडवलेली त्यांना चालत नसे. मी एकदा विचारलं, मेस्त्री, एवढं कशाला करता? लोक वैतागतात. ते प्लग घासत होते, मान वर न करता म्हणाले, "मला पेट्रोलचं भ्या वाटतंय, कागदसाहेब. ज्येला भ्या वाटत न्हाय, त्येनं ह्या धंद्यात पडू नये."

मालकांना भय वाटत नव्हतं. त्यांना गिऱ्हाइक हवं होतं. एक निवृत्त अधिकारी आपल्या गाडीच्या डिकीत टिलर आडवा घालून न्यायला आला. मेस्त्रींनी चढवू दिला नाही. "आडवं घातलं की ऑइल फिल्टरात जातंय, टाकीतलं झाकनातनं गळतंय, आनि बंद गाडीत वास कोंडतोय." अधिकारी म्हणाला, टाकी रिकामी आहे ना? मेस्त्री म्हणाले, आज रिकामी हाय, उद्या दुरुस्तीला आनताना असंल का? माणूस रागावून निघून गेला, यंत्र पलीकडच्या दुकानातून घेतलं. मालकांनी मेस्त्रींना सगळ्यांसमोर झापलं. मेस्त्री ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ब्याड्री मालक, नगं. गेला तर जाऊ द्या. जिता हाय न्हवं?" मालक हसले नाहीत. त्या दिवसापासून ते मेस्त्रींकडे बघताना नाकाला घाण वास आल्यासारखं तोंड करायचे.

आता पूजेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आपल्याकडे नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरत नाहीत, मग ती शिवणयंत्र असो की ट्रॅक्टर. टिलर घरी आला की घरातली बाई ताट घेऊन येते. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती, आणि ताटात कापूर पेटवून ओवाळते. हे होणारच, कुणाच्या बापाला थांबवता येणार नाही. मेस्त्रीही थांबवत नसत. ते स्वतः देवभोळे, सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. फक्त त्यांचा क्रम ठरलेला. आधी पूजा, मग दिवा आणि ताट घरात, मग टाकी. डिलिव्हरीला जमेल तिथं स्वतः जायचे. पेट्रोलचा कॅन वीसेक पावलांवर झाडाखाली ठेवायचे. कुणी बाई म्हणाली, मेस्त्री, पेट्रोल घालून चालू करा की, आवाजात ओवाळते, तर हात जोडून म्हणायचे, "माय, देवाला पेट्रोल लागत न्हाय. कोरडंच ववाळ." बाया हसायच्या आणि कोरडंच ओवाळायच्या.

त्या वर्षी दसऱ्याला मालकांनी फलक लावला: यंत्रासोबत टाकी फुल्ल, मोफत. मेस्त्रींनी फलक वाचला आणि सरळ केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मालक, टाकी भरून टेम्पोत घालनार?"

"सगळे घालतात मेस्त्री. काही होत नाही."

"दसऱ्याला घराघरात कापूर पेटवून बाया दारात उभ्या असत्यात. टाकी गळली तर?"

"तुमचं वय झालंय. प्रत्येक गोष्टीत तुम्हाला आग दिसते."

"दिसतीया म्हनूनच लागत न्हाय की."

मालकांनी वाद घातला नाही. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मेस्त्रींना श्रीपूरला पाठवलं, एका यंत्राचा क्लच अडकलाय म्हणून. सणाच्या दिवशी! मेस्त्री नऊच्या एसटीने गेले. जाताना माझ्या काउंटरला थांबले. म्हणाले, "कागदसाहेब, मी आल्याबिगर यंत्र सोडू नगा." मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणजे काय, हे आपल्या सगळ्यांना चांगलं ठाऊक असतं.

दहा वाजता दुकानात माणूस मावेना. मालकांनी फोटोसाठी पहिली टाकी स्वतःच्या हाताने भरली, बाकीच्या चाकसाहेबाने, यंत्रं टेम्पोत चढवल्यावर, तिथंच पत्र्यावर. एका टेम्पोत तीन-तीन यंत्रं. जागा पुरेना म्हणून मंद्रूपचं यंत्र दुसऱ्याच्या अंगावर कलतं टाकलं. मी बघत होतो. डिलिव्हरीच्या फॉर्मवर एक ओळ होती, ती मेस्त्रींनीच घालायला लावलेली: पेट्रोल भरणे, चालू करणे, ने-आण करणे समोर करून दाखवले. खाली मेस्त्रींची सही. मालक म्हणाले, "त्याच्या नावाने तू कर सही. गिऱ्हाइक खोळंबलंय." आणि मी केली. एकावर नव्हे, सगळ्या फॉर्मांवर. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मला चहा प्यायचा होता आणि ढीग संपवायचा होता, एवढंच. असली कारणं ऐकली की लोकांना वाटतं मी काहीतरी लपवतोय. नाही हो. एवढंच होतं.

मंद्रूपला शिवानंद नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या दारात टेम्पो थांबला. वाटेत झाकणातून पेट्रोल ठिबकत आलेलं, टेम्पोच्या मागच्या फाळक्याची खालची फट ओली. त्याची बायको महादेवी नवी साडी नेसून ताट घेऊन पुढे आली. यंत्र अजून उतरवलंही नव्हतं. पण घरात नवी वस्तू आली की ती उंबऱ्याला लागायच्या आत ओवाळायची, अशी त्यांची रीत. तिने टेम्पोच्या फाळक्याजवळ ताट नेलं.

ती वाचली. उजवा हात, मान आणि एका बाजूचा गाल भाजून गेला. तीन महिने दवाखान्यात होती. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

दुसऱ्या दिवशी शिवानंद आणि त्याचा चुलता दुकानात आले. केबिनमध्ये मालक, ते दोघे, मी आणि मेस्त्री. टाकी भरतानाचा मालकांचा फोटो आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवरून गायब झाला होता. मालकांनी फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, आमच्याकडे पद्धत आहे. मेस्त्री टाकी भरतो, मेस्त्री समजावतो, मेस्त्री सही करतो. काल सकाळी भरून देऊन मग तो श्रीपूरला गेला. आम्ही याला आजच काढतोय. तुम्हाला नवं यंत्र देतोय, दवाखान्याचं बघतोय, पण गुन्हा याचा आहे.

मेस्त्रींनी चष्मा लावला. कागद उचलून उजेडात धरला. म्हणाले, "ही सही माझी न्हाय."

"मग कुणाची?"

त्यांच्या रजेचे अर्ज वर्षानुवर्षं मीच लिहून द्यायचो. माझं अक्षर ते झोपेतसुद्धा ओळखतील. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं आणि बघत राहिले. शिवानंदही माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यावरच्या देवाचा मुकुटही मला आज सांगता येईल, इतका वेळ बघत होतो.

मग मेस्त्री म्हणाले, "वळकू येत न्हाय." कागद खाली ठेवला, चष्मा खिशात घातला आणि बाहेर गेले. पटांगणात जाऊन हात धुतले आणि दुकानातून निघाले ते कायमचे.

कित्येक महिने मी स्वतःला सांगत होतो, मेस्त्रींनी मला वाचवलं, माणूस देवमाणूस. थूत्! वाचवलं नव्हतं त्यांनी. त्यांनी माझ्यासाठी बोलायची जागा सोडली होती. माझं नाव त्यांनी घेतलं असतं तर तो आरोप झाला असता, मी घेतलं असतं तर ते खरं ठरलं असतं. एवढं त्यांना कळत होतं. ते दारातून बाहेर पडेपर्यंत ती जागा मोकळी होती, आणि मी ती तशीच राहू दिली. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच काउंटरला बसलो, त्याच मालकाचा चहा प्यायलो. मालकांनी टाकीचा फलक काढून टाकला, पण नियम म्हणून नव्हे, लोक घाबरायला लागले म्हणून.

यंदा निवृत्त झालो. निरोपाला मालकांनी शाल दिली. घरी येऊन ती कपाटात कोंबली आणि ठरवलं, मंद्रूपला जायचं आणि सांगून टाकायचं. बायको म्हणाली, आता जाऊन काय होणार? मी म्हटलं, निदान त्यांचं नाव तरी धुऊन निघेल. मला तसं खरोखर वाटत होतं.

आठवडी बाजाराचा दिवस. मेस्त्री मला लांबूनच दिसले. बाजाराच्या कडेला, दोरखंडवाल्याच्या शेजारी पोतं अंथरून बसलेले. पुढ्यात दोन-तीन फवारणीचे बॅटरीपंप, पाने, पक्कड. टिलर एकही नाही. पेट्रोलचं यंत्र त्यांच्याकडे आता कोण आणणार? त्यांच्याकडे जायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, आधी महादेवीला सांगू, मग त्यांच्यापुढे उभं राहू.

महादेवी भाजीच्या रांगेत होती, चिकटलेल्या बोटांवरून ओळखली. पदर गालावरून ओढून घेतलेला, डाव्या हाताने वांगी निवडत होती. मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं, आणि जीभ अडखळत अडखळत सगळं सांगून टाकलं. सही माझी. टाकी मालकांनी भरायला लावली. मेस्त्री त्या सकाळी गावातच नव्हते. वांगं तिच्या हातातच होतं. मला वाटलं, आता शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मारावी, असंही वाटत होतं.

ती म्हणाली, "दोन वर्सांनी?"

"दोन वर्षांनी," मी म्हणालो.

"मेस्त्रीनं पाठवलं व्हय तुमाला?"

"नाही हो ताई, त्यांना माहीतही नाही मी आलोय."

"तितं बसलाय आनि हितं मानूस धाडतोय." तिचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं वळली. भाजीवालीने तराजू खाली ठेवला. मी हात जोडले, ताई, ऐका तर, म्हणत राहिलो. मी जितका हात जोडून बोलायला लागलो तितकं ते पढवून आणल्यासारखं वाटत होतं, हे मलाही कळत होतं. तिने मला बाजूला सारलं आणि मेस्त्रींच्या पोत्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मेस्त्री," ती म्हणाली, "दोन वर्सं तुमी एक शबूद काढला न्हाई. घरात आमी म्हनायचो, चुकला मानूस, पर चूक पचवून गप बसलाय. तेवढ्याचंच बरं वाटत हुतं. आज मानूस धाडून तेबी घालवलंत."

मेस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. केबिनमध्ये बघितलं होतं तसं नाही. या वेळी पटकन नजर काढून घेतली. काय झालंय ते त्यांना सगळं कळलं होतं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "तडी," म्हणाले. थांबा. मग तिला म्हणाले, "जा माय. ऊन लागंल तुला."

ती गेली. माणसं तशीच उभी होती. दोरखंडवाला मेस्त्रींकडे न बघता आपला माल सरकवून घ्यायला लागला. मेस्त्रींनी पाने एकेक करून गोळा केले, पंपवाल्यांचे पंप ज्याचे त्याला नेऊन दिले, पोतं झटकलं आणि खांद्यावर टाकलं. बाजार अजून निम्माही भरला नव्हता. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या गल्लीने ते चालत गेले. समोरून येणारी माणसं त्यांना वाट देत होती, जरा जास्तच बाजूला होऊन देत होती.

पुढच्या आठवड्याला मी पुन्हा गेलो. त्या जागेवर एक चपलावाला बसला होता. त्याला विचारलं, इथले मेस्त्री? तो म्हणाला, "कोन, त्या बाईला जाळलेला? न्हाय येत आता."